धुरकट खिडकी, चकचकीत फोटो

विमानाच्या खिडकीतून काढलेला फोटो हा आता परदेशस्थ मराठी माणसाचा एक घरगुती कलाप्रकार झाला आहे, असं म्हणायला हरकत नाही. पूर्वी विमानतळावर हार घातलेल्या प्रवाशाभोवती अख्खं गणगोत उभं करून फोटो काढायचे. आता पंखाचं टोक, खाली ढग आणि सोबत एका शब्दाचा मजकूर: 'निघालो'. किंवा 'पोचतोय'. हे फोटो कुणी फोटो म्हणून बघत नाही. ती खुशालीची चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीच्या अक्षराला कुणी नावं ठेवत नाही.

पण गेल्या काही वर्षांत या चिठ्ठ्यांचं अक्षर फारच सुधारलं आहे. इतकं, की संशय यावा. आकाश शाईसारखं निळं, नद्या टोकदार पेन्सिलीने काढल्यासारख्या, दूरच्या डोंगराची घडी न् घडी मोजता येईल अशी. खिडकीशी बसून ज्याने प्रवास केला आहे त्याला माहीत असतं की बाहेर असं दिसत नाही. बाहेर दिसतं ते पाणी घातलेल्या दुधासारखं. सगळं असतं, पण सगळ्यावर एक पांढुरकी साय धरलेली असते. फोनमध्ये बघितलं की ती साय आणखीच दाट वाटते, आपण हिरमुसतो, आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये जाऊन एक पट्टी उजवीकडे सरकवतो. साय जाते. मग फोटो पुढे जातो.

मला या सायीबद्दल आणि ती काढण्याबद्दल थोडं तक्रारीच्या सुरात लिहायचं आहे. माझा पक्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने तेवढं मीठ बरोबर घ्यावं. उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांमधून जमीन किती आणि हवा किती हे वेगळं करायचं, यावर माझी पीएचडी झाली आणि पोस्टडॉकही त्यावरच चालू आहे. माझे जमिनीवाले सहकारी हवा वजा करतात आणि फेकून देतात. मी त्यांनी फेकलेलं गोळा करते. त्यामुळे कुणी 'धुकं काढून टाकलं' असं म्हणालं की माझ्या हाताला आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे जायची सवय आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'हेझ' या एका इंग्रजी शब्दाने सगळा घोळ केला आहे. मराठीत आपण इतके आळशी नाही. धुकं वेगळं, धुरकं वेगळं, मळभ वेगळं, धुळीने आलेला धुरळा वेगळा, आणि काच मळकी असेल तर ती निव्वळ मळकी. विमानाच्या खिडकीत यातले बरेचसे एकाच वेळी हजर असतात आणि ती पट्टी सगळ्यांना एकाच मापाने मोजते.

काचेपासून सुरुवात करू. मुळात ती काच नसतेच. बहुतेक विमानांत ॲक्रिलिक असतं, आणि तेही एका मागे एक तीन थरांचं. आपण नाक लावतो तो आतला पातळ थर फक्त बाकीच्या दोघांना ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी असतो, आणि स्वतः मात्र शेकडो प्रवाशांच्या कपाळांचं तेल आणि अंगठ्यांचे ओरखडे घेऊन बसलेला असतो. मधल्या थराला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून हवेचा दाब सांभाळला जातो आणि दमटपणा बाहेर पडतो. त्याच्या आसपास उंचावर गेल्यावर बर्फाची नक्षी धरते. ऊन खिडकीवर पडत असेल तर प्रत्येक ओरखडा स्वतंत्र दिवा होतो. ही साय फोटोभर सारखी पसरलेली असते: जवळच्या पंखावरही तेवढीच, दूरच्या डोंगरावरही तेवढीच. ती काढण्यात काहीही गैर नाही. चष्मा पुसण्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. त्यासाठी मोठी युक्तीही लागत नाही. फोटोतला जो भाग काळाच असायला हवा होता, म्हणजे इंजिनाचं तोंड किंवा पंखाखालची सावली, तो पुन्हा काळा करायचा. लेव्हल्समध्ये काळ्याचं टोक थोडं आत ओढलं की अर्धं काम होतं.

जाता जाता, हौशी मंडळींसाठी: धुकं कमी करायला कॅमेऱ्यावर पोलरायझर लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. विमानात तो लावू नका. त्या ॲक्रिलिकमध्ये ताण भरलेला असतो आणि पोलरायझरमधून तो इंद्रधनुषी डागांच्या रूपात दिसतो. तेलाचा थेंब पडलेल्या डबक्यासारखा फोटो येतो. सावलीच्या बाजूची जागा घ्यावी, पंखाच्या पुढची असेल तर उत्तम, कारण इंजिनामागच्या गरम हवेत सगळं लडबडतं. गडद रंगाचा शर्ट घालावा, म्हणजे काचेत आपणच दिसत नाही. ड्रीमलायनरमध्ये पडदाच नसतो, बटणाने काच गडद होते आणि बाहेरचं जग निळं पडतं; तो निळा रंग नंतर काढणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे तिथे फोटोआधी काच उजळ करून घ्यावी. केबिन क्रूने सगळ्या खिडक्या एकदम गडद करून टाकल्या असतील तर झोपावं.

यानंतरची साय खुद्द हवेची, स्वच्छ हवेची. नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू प्रकाश विखुरतात, निळा जास्त आणि लाल कमी. ढोबळमानाने निळा प्रकाश लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. अकरा किलोमीटर उंचीवर वातावरणाचं तीन चतुर्थांशाहून अधिक वजन आपल्या पायांखाली असतं. सरळ खाली बघितलं तर हा अकरा किलोमीटरचा थर, पण आपण सरळ खाली कुठे बघतो? क्षितिजाच्या दहा अंश खाली नजर टाकली तर तीच वाट साठ किलोमीटरहून लांब होते, आणि क्षितिज तर सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर असतं. म्हणून जवळची शेतं हिरवी, दूरची निळसर, आणि त्यापलीकडे फक्त निळं. हा दोष नाही. ही लांबीची पट्टी आहे, निसर्गाने चित्रात आपणहून आखून दिलेली. लिओनार्दो दा व्हिन्चीने हे आपल्या टिपणांमध्ये लिहून ठेवलं आहे: जे लांब दाखवायचं ते अधिक निळं रंगवा. ती पट्टी पुसली की फोटोत अंतरच राहत नाही. नाशिकचे डोंगर आणि पंखाचं टोक एकाच टेबलावर ठेवल्यासारखे दिसतात. आजकालच्या बऱ्याच चकचकीत फोटोंकडे बघून जे गुदमरल्यासारखं होतं त्याचं कारण मला वाटतं हेच आहे. सगळं स्वच्छ दिसतं, पण लांबचं काही उरत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, पण त्याकडे येण्याआधी ती पट्टी चालते कशी हे पाहायला हवं. कारण समीक्षा करायची तर हत्यार समजून घ्यावं.

२००९ साली हे कायमिंग, जिआन सुन आणि शियाओऊ तांग या तिघांनी सीव्हीपीआर या संगणकदृष्टीच्या परिषदेत एक शोधनिबंध मांडला आणि त्याला तिथला सर्वोत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला. त्यांचं निरीक्षण ऐकलं की 'हे आपल्याला का नाही सुचलं' असं वाटतं. उघड्यावर काढलेल्या, धुकं नसलेल्या कुठल्याही फोटोचा एक छोटा तुकडा घ्या, आकाश सोडून. त्यात कुठे ना कुठे सावली असते, हिरवं पान असतं, लाल पत्रा असतो. म्हणजे लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एक रंग कुठेतरी जवळजवळ शून्यावर असतो. तो शून्यावर नसेल, वर उचलला गेला असेल, तर तेवढं धुकं. मग ते तेवढं वजा करायचं, आणि जे मंद होऊन उरलं आहे ते वाढवून घ्यायचं. साधा हिशेब. उपग्रहवाल्यांनी लँडसॅटच्या चित्रांवर असाच हिशेब फार आधीपासून केला होता: खोल स्वच्छ तळं काळं दिसायला हवं, दिसत नाही, तर जो उजेड दिसतो तो हवेचा, तो सगळ्या चित्रातून वजा करा. २०१५ साली ॲडोबीच्या लाइटरूममध्ये 'डीहेझ' नावाची पट्टी आली, आणि मग हळूहळू तसं काहीतरी प्रत्येक खिशात आलं.

आता या युक्तीची मर्यादा बघा. ज्या तुकड्यात काळं काहीच नाही तिथे ती फसते. बर्फ, पांढरी भिंत, ढग. आणि विमानातून दिसतं काय? बहुतेक वेळा ढगच. त्या बिचाऱ्या गणिताला ढगाचा पांढरा आणि धुक्याचा पांढरा यातला फरक कळत नाही, ते ढगातून धुकं उपसायला लागतं, आणि ढग मळक्या कापसाच्या गादीसारखे दिसू लागतात, कडांना निळसर काजळ. फेसबुकवर 'वॉव' मिळवणारे अर्धे ढग असे आजारी असतात. एकदा ओळखायला शिकलात की मग दुसरं काही दिसत नाही. याबद्दल आधीच माफी मागते.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. दूरच्या डोंगरावरून निघालेला प्रकाश जर आपल्यापर्यंत दहा टक्केच पोचला असेल, तर फोनच्या फोटोतल्या २५६ पायऱ्यांपैकी साधारण २५ पायऱ्यांमध्ये त्या डोंगराचं सगळं सांगणं कोंबलेलं असतं. ते दसपट ताणलं की डोंगराबरोबर कॅमेऱ्याचा रवाही दसपट होतो. इथवर हा प्रामाणिक व्यवहार आहे: जे होतं तेच मोठ्याने वाचलं, आवाज फाटला. पण आताची साधनं तो फाटलेला आवाज ऐकू देत नाहीत. रवा दिसला की त्या जागी डोंगर कसा असायला हवा ते स्वतःच भरतात. तिथे झाडी येते, कडे येतात, एखादी पायवाटसुद्धा. पुसणं संपून रचणं कुठे सुरू झालं ते पट्टी सरकवणाऱ्याला कळत नाही. फोटो बघणाऱ्याला तर नाहीच नाही.

एडिटिंगलाच माझा विरोध आहे असं मात्र नाही. ॲन्सेल ॲडम्सने १९२७ साली योसेमिटीच्या हाफ डोमचा तो प्रसिद्ध फोटो काढताना भिंगावर गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं केलं. तिथे तसं काळं आकाश नव्हतं. पण त्याने काय केलं, का केलं हे तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि फोटोकडे बघूनही ते कळतं. कुणी त्या काळ्या आकाशाला हवामानाची बातमी समजत नाही. हवाई छायाचित्रणाचा इतिहास तर धुक्याशी झटापटीनेच सुरू होतो. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून फोटो काढायचे प्रयत्न केले तेव्हा त्याच्या काचा एकामागून एक काळवंडत गेल्या. कारण बाहेरची हवा नव्हतीच. बलूनच्या झडपेतून सुटणारा वायू रसायनांवर बसत होता. झडप बंद ठेवल्यावर त्याला एक फिकट प्रतिमा मिळाली. ती आज उपलब्ध नाही. टिकून राहिलेला सर्वांत जुना हवाई फोटो जेम्स वॉलेस ब्लॅकचा, १८६० सालचा, बोस्टनचा. त्यातली गल्ल्यांची आणि गलबतांची गर्दी मऊ आहे, कडांना विरघळलेली, आणि ती बघताना आपण शहरावर तरंगत आहोत असं खरोखर वाटतं. त्यावर कुणी डीहेझ मारला तर काय उरेल याचा विचारही नकोसा वाटतो.

आपल्या विषयावरचं सर्वांत थेट पुस्तक म्हणजे जुलिएन कॉस्टचं 'विंडो सीट', २००६ सालचं. कॉस्ट ॲडोबीतच काम करणारी, फोटोशॉप शिकवत सतत विमानात बसणारी. त्या प्रवासांत साध्या प्रवासी खिडकीतून काढलेले फोटो तिने एकत्र केले आणि शेवटी त्यांवर काय संस्कार केले तेही सांगितलं. गंमत अशी की डीहेझची पट्टी यायला अजून नऊ वर्षं होती, आणि पुस्तक त्यामुळेच चांगलं झालं आहे असं माझं मत आहे. कॉस्टला धुकं एका फटक्यात काढता येत नव्हतं, म्हणून तिला प्रत्येक चित्रात ठरवावं लागलं की हे किती ठेवायचं. काही चित्रांत ती जमिनीच्या रेषा ठसठशीत करते, तर काहींत ढग आणि पाणी यांची सीमा मुद्दाम सुटी सोडते. तिचा कल अमूर्ताकडे आहे. हे कुठलं गाव, कुठली नदी, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही, आणि तिथे मात्र मी तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. खिडकीतून खाली बघणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न 'हे कुठे आलो?' हाच असतो. तो प्रश्न गाळला की चित्र सुंदर होतं, पण बघणारा त्यातून निघून जातो.

हा प्रश्न न सोडता धुक्याचा निकाल कसा लावावा हे मला एका चित्रकर्तीने दाखवलं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्जिया ओकीफचं 'स्काय अबव्ह क्लाउड्स ४' आहे. १९६५ सालचं, आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद. ती तेव्हा सत्तरी ओलांडून बरीच पुढे गेली होती. विमानप्रवासांत खिडकीतून पाहिलेले ढग तिने रंगवले. निळ्यावर पांढऱ्या ढगांच्या ओळी, फरसबंदीसारख्या, लांब जाता जाता लहान होत गेलेल्या. आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यांना मी तिथे हमखास नेते, आणि हमखास ऐकते की 'हे काय, हे तर कुणीही काढेल'. मग मी त्यांना क्षितिज बघायला सांगते. जवळच्या ढगांवर तिने सायीचा लवलेश ठेवलेला नाही, कडा स्पष्ट. पण ढगांच्या ओळी संपतात तिथे एक फिकट गुलाबी पट्टा आहे, ना ढग, ना आकाश. सगळं धुकं तिने गोळा करून तिथे ठेवलं आहे. म्हणजे तिनेही 'एडिट' केलंच, आणि बिनदिक्कत केलं. फक्त लांबचं लांब राहील याची काळजी घेतली. मी त्या चित्रासमोर उभी राहते तेव्हा मला प्रवासाचा थकवासुद्धा आठवतो, तो पहाटेचा, जेव्हा सगळी केबिन झोपलेली असते आणि पुढे अजून सहा तास असतात. कुठल्याही डीहेझ केलेल्या फोटोने मला तो थकवा दिलेला नाही.

आता तिसरी साय. धूर, धूळ, काजळी, समुद्राचं मीठ, गाड्यांचा आणि चुलींचा आणि बांधकामांचा उरलासुरला अंश, आणि दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले हे सगळे कण. हे कण रेणूंपेक्षा खूप मोठे असल्यामुळे निळ्याला विशेष झुकतं माप देत नाहीत. म्हणून ही साय निळी नसते, पांढुरकी असते, आणि काजळी जास्त असेल तर तपकिरी. १९९९ साली इंडोएक्स या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या पुढाकाराने, जहाजं, विमानं आणि उपग्रह लावून मोजलं गेलं की हिवाळ्याच्या महिन्यांत दक्षिण आशियावरून निघालेला हा तपकिरी थर हिंदी महासागरावर किती लांबवर पसरतो. अरबी समुद्रावरून मुंबईकडे येताना, जानेवारीत, सकाळच्या विमानात, आपण या थराच्या वर असतो आणि मग त्यात शिरतो. त्याची वरची कड दिसते. खरोखर रेषेसारखी दिसते: वर निळं, खाली मातकट, जणू चहाच्या कपाला आतून पडलेला डाग. विमान बरेचदा शहराला वळसा घालून पूर्वेकडून उतरतं, ठाण्याची खाडी येते, आणि तोवर आपण त्या कपाच्या तळाशी गेलेलो असतो.

आमच्याकडच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका वर्षी 'खिडकीतून' असा फोटोंचा विभाग करायचं ठरलं होतं, आणि निवड करणाऱ्यांत मी होते. पन्नासेक फोटो आले. सगळ्यांना आवडलेला एक होता मुंबईत उतरतानाचा, शीर्षक 'माझी मुंबई'. क्षितिजापर्यंत इमारतींची प्रत्येक गच्ची दिसत होती, खारफुटी पोपटासारखी हिरवी, आणि वर आकाश कोलोराडोचं. मी मूळ प्रत मागवली. फोटो काढणाऱ्याने ती अगदी आनंदाने पाठवली. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. मूळ फोटोत ती मातकट रेषा होती, अगदी सरळ, चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागातून गेलेली, आणि तिच्या वर एका बाजूला दूरवर सह्याद्रीची एक धार उघडी, खाली बुडालेलं शहर. रचनेच्या दृष्टीनेच तो दहापट चांगला फोटो होता. मी तोच छापू या म्हटलं. समितीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अगं, दिवाळी अंक आहे हा, प्रदूषण मंडळाचा अहवाल नाही." सगळे हसले, मीही हसले. पोपटी खारफुटी छापली गेली.

काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. पाच-सात वर्षांनी घरी जाणाऱ्याला खिडकीतून जे दिसतं ते डोळ्यांनी दिसतच नाही. त्याला गच्च्या दिसतात कारण त्याला माहीत असतं की गच्च्या आहेत. आपला मेंदूही डीहेझ करतोच. धुरकट हवेतून बघताना आपण साय वजा करून बघतो आणि कॅमेरा ती वजा करत नाही, म्हणून तर फोटो बघून हिरमोड होतो. तेव्हा थोडी पट्टी सरकवणं म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याच्या जवळ जाणं, असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि काचेची साय आणि थोडी निळी साय यांच्यापुरता तो मला मान्य आहे.

पण 'माझी मुंबई' बघून मला जे खटकलं ते निराळं. माझी आई मुलुंडला राहते. डिसेंबर-जानेवारीत फोनवर बोलताना ती वाक्याच्या मध्ये थांबते, खोकते, 'काही नाही गं, हवा बदलली' म्हणते आणि पुढे बोलते. गेल्या काही हिवाळ्यांत पर्समध्ये इनहेलर आला आहे. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांची संख्या आपल्या वाचकांत कमी नसावी. त्या फोटोतून पुसलेली मातकट रेषा म्हणजे 'हवा बदलली' हे वाक्य होतं, आणि आपण तिथून बारा हजार किलोमीटरवर असल्यामुळे ती रेषा बघायची संधी आपल्याला वर्षातून एकदा, उतरताना वीस मिनिटं, तेवढीच मिळते. तिथे राहणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तो तिच्या आत असतो. डाग दिसायला कपाच्या वर यावं लागतं.

२०२३ साली ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर हायबर्स यांनी टर्नर आणि मोने यांची जवळपास शंभर चित्रं घेऊन त्यांतल्या कडा किती पुसट, पांढुरका किती, हे मोजलं, आणि ते एकोणिसाव्या शतकातल्या लंडन-पॅरिसच्या कोळशाच्या धुराच्या वाढीशी जुळतं असं दाखवलं. मोनेला लंडनचं धुकं आवडायचं. १८९९ ते १९०१ या काळात तो सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून थेम्स रंगवत बसला तो त्या धुक्यासाठीच. त्याला काही मोजायचं नव्हतं. त्याने फक्त साय काढली नाही. या निष्कर्षावर कलासमीक्षकांनी नाकं मुरडणं समजू शकतं, कारण वय झालं की चित्रकाराचा हात सैल होतो, शैली बदलते, आणि हे सगळं कोळशाच्या खात्यावर टाकता येत नाही. लेखकांनी त्याचाही विचार केला आहे. मला त्यात भावतं ते एवढंच की सुंदर चित्र आणि हवेची नोंद ही दोन वेगळी कामं नव्हती.

याउलट एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जालंधरच्या गच्च्यांवरून दोनशे किलोमीटरवरची धौलाधारची हिमरांग दिसू लागली, तेव्हाचे फोटो आठवतात? ते कुणी पट्टी सरकवून काढलेले नव्हते, पण पहिल्यांदा बघताना नेमके तसेच वाटत होते. आपले सगळेच फोटो आधीपासून चकचकीत असतील, तर अशी खरी स्वच्छ सकाळ उजाडल्यावर ती ओळखायची कशाच्या आधारे?

माझी स्वतःची पद्धत आता अशी आहे. काचेची साय पूर्ण काढते. निळ्या रंगाच्या पट्ट्यात थोडा हात घालते, कारण लाल रंगात जमीन आधीच बऱ्यापैकी स्वच्छ आलेली असते आणि निळ्यातच सगळं दूध असतं. क्षितिजाकडचा वरचा पाव भाग मात्र मास्क करून जसाच्या तसा ठेवते. ढगांना हात लावत नाही. आणि तपकिरी दिसलं तर तपकिरी ठेवते. यातून फोटो थोडा फिका दिसतो. आईला पाठवला की ती म्हणते, "काय गं, एवढा महागाचा फोन आणि असा फोटो?"

आयफोनवर एडिट केलेल्या फोटोची मूळ प्रत आत शाबूत असते, 'रिव्हर्ट' केलं की परत येते, तेव्हा ज्यांनी आतापर्यंत साय काढून टाकली आहे त्यांच्याकडेही बहुधा ती अजून आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्याची तारीख, वेळ, जागा ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. जानेवारीत मुंबईला किंवा पुण्याला उतरणार असाल आणि खिडकी मिळाली, तर फोटो तसा पाठवा. उतरण्याआधी साधारण पंधरा-वीस मिनिटं, सूर्य मागच्या बाजूला असताना, क्षितिज आडवं धरून. रेषा बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनी दिसते.